निसरडी जागा

रामबागेतल्या आमच्या मेडिकलमध्ये
सासऱ्यांनी घालून दिलेला नियम एकच:
गिऱ्हाइकाला औषध विचारावं, दुखणं नाही.
चौदा वर्षं मी तो पाळला.

मंजिरी तारे यायची सकाळी सव्वाआठला,
कचऱ्याच्या गाडीचं गाणं वळणावर विरता विरता,
हातात रिकामी बादली तशीच.
"मलम द्या. आणि कापूस. बाथरूममध्ये पडले."
मार्चमध्ये बाथरूम. आषाढात जिना.
दिवाळीत कढईची कड.
मी सुटे मोजून द्यायची,
वर एक खोकल्याची गोळी, रुपया नव्हता म्हणून.

तोही यायचा, तिचा नवरा. संध्याकाळी,
झोपेच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी घेऊन, तारीख खोडलेली.
"वहिनी, देऊन द्या ना,
तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही."
डोळे खरेच लाल. हात खरेच थरथरते.
मला कीव यायची,
आणि मग तेच हात दिसायचे.

झोप उडणं हा आजार आहे, त्याला डॉक्टर आहे.
आधी खिडक्या लावून मग हात उचलणं
हा आजार नाही.
आजाराला खिडक्या लावायचं सुचत नाही.
हे मला कळत होतं. मी चिठ्ठी परत करायची,
"नवी आणा" म्हणायची, आणि पुढचं गिऱ्हाईक.

आमचं इंदूर मोठं शिस्तीचं.
ओला वेगळा, सुका वेगळा,
काच वेगळी, जुन्या गोळ्या वेगळ्या.
गाडीवरचा भिया वाकून बघतो बादलीत,
केळ्याचं साल चुकीच्या डब्यात गेलं तर बोलतो.
फुटक्या बांगड्या कितीदा गेल्या त्याच बादलीतून,
बरोबर त्यांच्याच डब्यात.
त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

चैत्राच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या हॉलमध्ये
एक समुपदेशक बाई बोलावल्या होत्या.
छान बोलल्या. कुणाला काही विचारायचंय, म्हणाल्या.
पंख्याचा आवाज. पन्ह्याचे ग्लास.
मग कुणीतरी विचारलं, डाळीत कैरी कुठली घातलीय हो,
आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मी उठले. ठरवलं नव्हतं.
मंजिरीबद्दल बोलायचं होतं बहुतेक,
पण तोंडातून निघालं ते माझंच:
मी तीन वर्षं मनाच्या गोळ्या घेतेय.
आमच्याच दुकानातून,
ॲसिडिटीच्या डबीत लपवून.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या.
ओटीतले भिजवलेले हरभरे
एकेक करून सतरंजीवर पडत राहिले.
कुणी वेचले नाहीत.
घरी जाताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या,
"मग छातीतली जळजळ? तीही नव्हतीच का?"
मी म्हटलं, होती.

मंजिरी दुसऱ्या दिवशी आली नाही.
त्या महिन्यात नाहीच.
जूनमध्ये आली, बादलीशिवाय.
"मलम..."
मी म्हटलं, मंजिरी, तुमच्या घरात
एवढी निसरडी जागा आहे तरी कुठे?

ती हसली आधी. आपण हसतोच आधी.
मग काउंटरची फळी उचलून आत आली,
सलाइनच्या खोक्यावर बसली.
गिऱ्हाइकं येत राहिली, मी बिलं करत राहिले.
अकरापर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाली, "पाणी आहे?"

बाकीचं तिचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही.

खोकं काढून तिथे स्टूल ठेवलंय आता,
सासऱ्यांच्या फोटोच्या बरोबर खाली.
परवा त्यावर भलताच कुणी बसला होता:
पोह्यांच्या गाडीवरच्या हर्डीकरांचा मुलगा,
बारावीतला, मान खाली,
भर उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट.
अजून विचारलं नाही.
पाणी दिलं आहे.
फळी उघडीच ठेवली आहे.